रस्ता कोणाचा होता

“नाना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. कोणासाठी थांबलात?”

भागूनानांनी टँकर पांढऱ्या पट्ट्यावर पूर्ण उभा केला, हँडब्रेक ओढला, उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, पुन्हा उजवीकडं पाहिलं आणि मग पहिला गिअर टाकला. त्या सकाळचा तो तिसरा फाटा होता.

“नुसती हळू केली असती तरी चाललं असतं ना,” मी म्हणालो.

“हळू होणं म्हणजे थांबणं नव्हं.”

“पण दिसत होतं की सगळं.”

“तुला वाटतं दिसतंय. जाणारी गाडी पलीकडचा रस्ता झाकून नेते, सुकदेवा. आपण बारक्या रस्त्यानं येतोय. मोठ्या रस्त्यावरचा आधी जाणार, मग आपण. आणि तो येतोय का नाही हे कळायला तरी थांबावं लागतंच.”

मी खिडकीतून बाहेर थुंकलो.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. मोठ्या गाडीचं लायसन्स मिळून सात महिने झाले होते. भागूजी आव्हाड पन्नाशी ओलांडलेले. दूध संघाच्या एका टँकरवर आम्ही दोघं ड्रायव्हर होतो. डोंगराकडच्या गावांतल्या शीतकेंद्रांवरून दूध गोळा करायचं आणि दुपारच्या आत नाशिकच्या प्लँटवर पोचवायचं, हे आमचं काम. अर्धा रस्ता ते चालवायचे, अर्धा मी. दोघांच्या अंगावर संघाचा निळा शर्ट आणि निळी पॅन्ट. सव्वीस वर्षांत नानांच्या गाडीनं कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण हे ते स्वतः सांगत नसत. दुसरे ड्रायव्हर सांगायचे, तेही हसत हसत. भागूजी पुढं असला तर मागच्यानं डबा उघडून जेवायला घ्यावं, असं म्हणायचे. मीही त्यांच्यातच हसायचो.

दुसऱ्या शीतकेंद्रावर जनरेटर बंद पडलेला होता. दीड तास तिथंच गेला. ऊन चढलं. दूध कोमट लागायला लागलं होतं आणि टँकर अर्धाच भरला होता, पण तिसऱ्या केंद्रावर जायला आता वेळ नव्हता. आधल्याच आठवड्यात आमचा टँकर प्लँटवरून नासका म्हणून परत फिरवला होता आणि आमच्या सुपरवायझरनं, कुलथ्यांनी, सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली होती. नानांना ते काही बोलले नव्हते. माझ्या डोक्यात ते घोळतच होतं.

तिथून स्टिअरिंग माझ्याकडं आलं.

“अर्धा टँकर भरलेल्यापेक्षा वाईट,” नाना डावीकडच्या सीटवर बसता बसता म्हणाले. “ब्रेक मारलास की दूध मागनं येऊन ढकलतं. आधीपासून हळू कर.”

“माहितीये, नाना.”

खैरदरा फाट्यावर आमचा रस्ता नाशिकच्या मोठ्या रस्त्याला मिळतो. मिळायच्या आधी डाव्या हाताला लाल पाटी आहे. तेव्हा तिच्यावर मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात चिकटवलेली होती आणि ‘थांबा’मधला नुसता ‘थां’ दिसत होता. त्या दिवशी बुधवार, फाट्याचा बाजार. दोन्ही अंगाला पालं लागली होती, भाजीवाले, भांडीवाले, कोंबड्यांच्या डालग्या. मोठ्या रस्त्यावर उजवीकडून कांद्यानं भरलेला एक ट्रक येत होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. ट्रक समोरून निघून गेला की मला रस्ता ओलांडून उजवीकडं वळायचं होतं. हिशेब सोपा होता. ट्रकचं शेपूट समोरून सरकलं आणि मी पाय दाबला.

“थांब!” नाना ओरडले. “सुकदेव, थांब!”

डावीकडून, त्याच ट्रकच्या आडून, एक मोटारसायकल बाहेर आली. एक माणूस, मागं हिरव्या लुगड्यातली बाई. माणसानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असेल की मी थांबणार, कारण त्यानं वेग कमी केला नव्हता, आणि का करावा? मी ब्रेकवर उभा राहिलो. टँकर थांबत आला आणि मागनं पाच हजार लिटर दुधाचा धक्का बसला. गाडी पुढं गेली. तेवढीच, दोन-तीन हात. आवाज फार मोठा नव्हता. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तसा.

मग चाकाखाली काहीतरी उचललं गेलं आणि परत खाली बसलं.

बाई उडून रस्त्याच्या कडेला पडली होती आणि ओरडत होती. माणूस ओरडत नव्हता. माझा पाय आपोआप क्लचवर गेला, हात गिअरवर. मी काय करणार होतो ते मला सांगता येत नाही, पण नानांना कळलं. त्यांनी हात लांब करून चावी फिरवली आणि काढून घेतली.

“पळायचं नाही,” म्हणाले. “उतर.”

ते डावीकडच्या दारातून उतरले. आधी चाकापाशी वाकले. मी वरून त्यांची फक्त पाठ पाहत होतो. ते तिथं फार वेळ थांबले नाहीत, त्यावरून मला समजलं. मग बाईकडं धावले. तिच्या गुडघ्याखालून रक्त उसळत होतं. नानांनी गळ्यातला टॉवेल काढला, मांडीला आवळून बांधला, आणि गाठ दाताखाली धरून ओढली. चावीचा जुडगा त्यांच्या बोटात तसाच लोंबत होता.

मी उजव्या दारातून उतरलो. उतरायच्या आधी मी अंगातला निळा शर्ट काढला आणि सीटच्या मागं कोंबला. हे मी विचार करून केलं. घाबरून हातून काहीतरी होऊन गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण बटणं एकेक करून काढली होती. वरून खाली, पाच.

तोवर बाजार उठून आला होता. बनियनवर असलेला एक माणूस टँकरला वळसा घालून गर्दीत मिसळला, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

“मेला! पोरगा मेला!” कोणीतरी पुढून ओरडलं. “वाकचौऱ्यांचा पोपट आहे हा!”

“ड्रायव्हर कुठाय?”

“धरा त्याला, पळू देऊ नका!”

नाना बाईपाशी गुडघ्यावर बसले होते. गर्दीनं त्यांच्याभोवती कडं केलं. शर्टाला गॉगल अडकवलेला एक दांडगा माणूस पुढं आला आणि त्यानं नानांच्या बोटातली चावी पाहिली.

“तूच का ड्रायव्हर?”

नानांनी मान वर केली. ते त्याच्याकडं बघत नव्हते. गर्दीत मला शोधत होते. मी तिसऱ्या रांगेत होतो, एका भेंडीवाल्याच्या खांद्याआड. आमची नजरानजर झाली. मी मान हलवली. अगदी थोडी, डावीकडून उजवीकडं. सांगू नका.

“आधी ह्या बाईला दवाखान्यात घाला,” नाना म्हणाले. “रक्त लई जातंय. बाकीचं मागनं.”

“मी काय विचारतोय, भडव्या?”

पहिली बुक्की तोंडावर बसली. नाना बाईच्या अंगावर पडू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूला कलंडले, आणि मग ते उठलेच नाहीत. त्यांना उठू दिलंच नाही. एकानं केस धरले, दुसऱ्यानं शर्ट. निळा शर्ट पाठीवर टर्रकन फाटला. चपला, बुक्क्या, लाथा. आईवरून, बहिणीवरून शिव्या. भांडीवाल्यानं पितळी डाव आणला होता, त्याचा आवाज वेगळा यायचा. भेंडीवाला माझ्यासमोरून पुढं घुसला. दहा मिनिटांपूर्वी तो कोणाला तरी कोवळी आहे, बोट लावून बघा, असं सांगत असणार. त्यानं नानांच्या बरगडीत दोन लाथा घातल्या, मागं आला, दम खाल्ला आणि परत गेला.

बाईला चार बायकांनी उचलून एका जीपमध्ये घातलं. जाता जाता ती नानांकडं हात करून काहीतरी सांगत होती. तिचं कोणी ऐकलं नाही.

नाना पोटाशी पाय घेऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून पडले होते. चेहरा दिसत नव्हता. कोपरं वर आलेली होती. एका पायातली वहाण गेली होती.

“डिझेल काढा टाकीतलं,” कोणीतरी म्हणालं. “गाडीसकट पेटवू.”

“आधी ह्याला पेटवा.”

मी मागं सरकलो. एक पाऊल, दोन पावलं. तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या पॅन्टला कमरेपाशी धरलं.

“हा कोण रे? ह्याची पॅन्ट बघा. तेच कापड आहे.”

तीन-चार जण वळले. त्यात तो गॉगलवाला होता. त्याच्या हाताला रक्त लागलेलं होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

“तू गाडीवरचा का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग कुठला?”

“बाजाराला आलोय. दोडीचा.”

“एकटाच लांब उभाय, म्हणून विचारतोय.”

“नाही ओ, मी—”

“मग मार की.”

त्यानं शेजारच्या पालाचा वेळू उपटला. माझ्या उंचीचा, मनगटाएवढा जाड. पाल एका बाजूनं खाली बसलं आणि त्याच्याखालची टोमॅटोची पाटी सांडली. वेळू त्यानं माझ्या हातात दिला. लोकांनी वाट करून दिली. मला पुढं ढकलावं लागलं नाही. मी चालत गेलो.

नाना खाली होते. मी वेळू दोन्ही हातांनी वर घेतला. हळू मारलं तर कळेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मी जोरात मारलं. उजव्या कोपरावर बसलं. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो वेळूचा नव्हता.

नाना ओरडले नाहीत. त्यांचा उजवा हात डोक्यावरून घसरला आणि रस्त्यावर उलटा पडला.

“असा!” गॉगलवाला म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी वेळू टाकला आणि पळालो. गावाकडं पळालो नाही. टँकरच्या मागं गेलो. तिथं दूध सोडायचा मोठा व्हॉल्व्ह असतो. त्याचं सील मी तोडलं, चक्र फिरवलं, आणि दूध धो धो रस्त्यावर पडायला लागलं. दंडाएवढी जाड धार.

“दूध!” मी ओरडलो. “दूध चाललंय! भरून घ्या!”

आधी कोणाला समजलं नाही. मग एक बाई कळशी घेऊन धावली. मग दुसरी. भांडीवाल्याच्या पालातली पातेली लोकांनी उचलली, डालग्या टाकून बादल्या आणल्या, एकानं डोक्यावरची टोपी धरली. नानांभोवतीचं कडं एका बाजूनं ढिलं झालं, आणि एकदा ढिलं झाल्यावर फुटलंच. भेंडीवाला पाटीतली भेंडी रस्त्यावर ओतून पाटी धरून आला, ती गळायला लागली तशी शिव्या देत परत गेला. गॉगलवाला एकटा नानांपाशी उभा राहिला. इकडंतिकडं पाहिलं. एक शेवटची लाथ घातली आणि तोही आला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा निम्मा बाजार टँकरच्या मागं भांडत होता. मोटारसायकलवाल्या पोपट वाकचौऱ्यांवर कोणीतरी पोतं टाकलं होतं. पोत्याच्या कडेनं दूध वाहत होतं.

दूध सोडल्याची ही गोष्ट मी पुढं बऱ्याच जणांना सांगितली. ड्रायव्हर लोक वाहवा करायचे. डोकं चालवलंस, म्हाताऱ्याचा जीव वाचवलास, म्हणायचे. वेळूचं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कुलथे तालुक्याच्या पोलीस स्टेशनात आले. मला बाजूला घेतलं. नाना तेव्हा बेशुद्ध होते.

“हे बघ,” ते हळू आवाजात म्हणाले, “भागूजी चालवत होता. गाडी पट्ट्यावर पूर्ण थांबली होती. मोटारसायकलवाला भरधाव आला आणि अंगावर आदळला. हेच खरं आहे. कळलं?”

“भागूजी चालवत होते” हे त्यांना कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. सगळा फाटाच तसं सांगत होता. चावी त्यांच्याच हातात सापडली होती.

“कळलं,” मी म्हणालो. आणि तसाच जबाब दिला. खाली सही केली.

दोन दिवसांनी नाना शुद्धीवर आले. सरकारी दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड. तीन बरगड्या मोडल्या होत्या, खालचे चार दात गेले होते, एक डोळा उघडत नव्हता. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला सांगितलं होतं की कोपराचा चुरा झालाय, हात पुन्हा सरळ होणार नाही. ती बाहेर व्हरांड्यात बसून होती. मला पाहून तिनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, “तू होतास म्हणून बरं झालं रे.”

मी आत जाऊन स्टुलावर बसलो. नानांनी एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं.

“नाना, मी पोलिसांना सांगतो,” मी म्हणालो. “खरं सांगतो.”

“काय सांगशील?” दात नसल्यामुळं त्यांचे शब्द ओले येत होते.

“मी चालवत होतो म्हणून.”

“आणि?”

“थांबलो नाही म्हणून.”

“आणि?”

शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकत होता. त्याचं खोकणं थांबेपर्यंत नानांनी वाट पाहिली.

“हात कोणी मोडला, ते?”

“तुमचं तोंड खाली होतं, नाना,” मी कसंबसं म्हणालो.

“तोंड खाली होतं. कान होते ना.” ते दम घेत घेत बोलले. “सगळे शिव्या देऊन मारत होते. एकच जण मुकाट आला. एकदाच मारलं. शिवी नाही, शब्द नाही. म्हटलं, हा माझ्या ओळखीतला आहे.”

मी त्यांचे पाय धरले. पाय धरल्यावर काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. रडू आलं, तेही लाज वाटेल असं मोठ्यांदा. नर्सनं दारातून डोकावून पाहिलं.

“सोड,” नाना म्हणाले. “बरगडीला लागतं.”

“तुम्ही सांगितलं का नाही, नाना? माझं नाव का नाही घेतलंत?”

“तू मान हलवलीस म्हणून नाही, एवढं ध्यानात ठेव.” त्यांनी डोळा मिटला. “मला वाटलं, पिकला माणूस बघून दोन थापडा मारतील आणि सोडतील. तोवर बाई दवाखान्यात जाईल. एवढं होणार हे माहीत असतं, तर पहिलं तुझं नाव सांगितलं असतं. आणि मागनं सांगायला गेलो तर दातच जागेवर नव्हते.”

मला वाटलं, झोपले.

“सकाळी कुलथ्या आला होता,” डोळा मिटूनच ते म्हणाले. “कागद घेऊन. गाडी पट्ट्यावर थांबली होती, असा. डाव्या हातानं अंगठा दे म्हणाला. तुझी सही झालीये म्हणाला.”

“झालीये.”

“मी दिला नाही. सव्वीस वर्षं थांबलो रे मी प्रत्येक पट्ट्यावर. ज्या एका दिवशी गाडी थांबली नाही, त्या दिवशी थांबली म्हणून लिहून देऊ? आणि त्या पोराच्या माथ्यावर मारू?” त्यांनी डावा हात उचलला आणि दाराकडं केला. “बायकांच्या वॉर्डात ती पोरगी आहे. तिलाही सांगून आलाय कुलथ्या, तुझा नवरा भरधाव होता म्हणून. हाताचं माझं मी बघीन. ते तुझं-माझं. गाडीचं जाऊन सांग.”

“तुम्ही मला माफ—”

“जा म्हटलं ना!”

ते ओरडले आणि त्या ओरडण्यानं त्यांचा श्वास अडकला. मी उठलो.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो. नोकरी त्याच आठवड्यात गेली. खटला चार वर्षं चालला आणि मला एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगली. कुलथ्यांनी माझ्याकडं पाहून ओळख दिली नाही. मारहाणीच्या केसमध्ये चौदा जण धरले होते, पण नानांनी कोर्टात सांगितलं की तोंड खाली होतं, मी कोणाला ओळखत नाही. सगळे सुटले. नाना पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. डाव्या हातानं जेवायला शिकले. तुरुंगातून आल्यावर मी त्यांच्याकडं वर्षातून दोनदा जायचो. ते चहा द्यायला सांगायचे आणि रस्त्याकडं बघत बसायचे. दोन वर्षांपूर्वी वारले. मीही पुन्हा गाडी चालवली नाही. पिठाची गिरणी टाकली.

त्या दुपारी मात्र मी व्हरांडा ओलांडला आणि बायकांच्या वॉर्डात गेलो.

कोपऱ्यातल्या पलंगावर ती होती. सिंधू वाकचौरे, असेल बावीस-तेवीस वर्षांची. पाय प्लास्टरमध्ये, वर टांगलेला. कपाळ कोरं. पलंगाकडं पाठ करून फरशीवर तिची सासू बसली होती आणि कोणाला उद्देशून नाही अशी बोलत होती. “सांगत होते, उशीर झाला तर होऊ दे. भावाची हळद काय पळून चालली होती? पण हिची घाई. चला लवकर, चला लवकर. त्यानं पळवली गाडी. साहेब सांगून गेलेच ना, भरधाव होता म्हणून. माझं पोरगं हिनं घालवलं.” सिंधू छताकडं बघत होती. हे तिनं दोन दिवस ऐकलं होतं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. आणि तिला ते पटलेलंही होतं.

मी पलंगाशी गेलो.

“मी टँकर चालवत होतो,” मी म्हणालो.

तिनं मान वळवली. “तो म्हातारा होता.”

“ते शेजारी बसले होते. त्यांनी तुमच्या पायाला टॉवेल बांधला. चालवत मी होतो.”

म्हातारीचं बोलणं बंद झालं.

“तिथं थांबायची पाटी आहे,” मी म्हणालो. “पट्टा आहे. मी थांबलो नाही. मी पोलिसांना खोटं सांगितलं, साहेबानं तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचे मालक जोरात नव्हते. असते तरी मोठ्या रस्त्यानं ते चालले होते, आधी त्यांनी जायचं होतं. मला थांबायचं होतं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मला दिसलं की आधी तिला काही कळलं नाही आणि मग हळूहळू कळत गेलं. तिचा हात उशाशी गेला. तिथं पाण्याचा तांब्या होता, भरलेला. तिनं तो उचलला आणि अंगातलं होतं नव्हतं ते सगळं बळ लावून माझ्या तोंडावर मारला. भुवईवर बसला. पाणी आणि रक्त एकदमच खाली आलं. टांगलेला पाय हलला आणि ती कळवळली. तरी तिनं हात मागं घेतला आणि पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा तांब्या तिच्या हातून निसटून फरशीवर घरंगळत गेला. मी जागचा हललो नाही. नर्स धावत आली, तिनं माझा दंड धरला.

“सोडा त्याला,” सिंधू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “परत सांग.”

“मी थांबलो नाही—”

“मला नको. माझं ऐकून झालं. त्यांना सांग. आत्याबाईंना सांग.”

मी म्हातारीकडं तोंड केलं. ती फरशीवर हात टेकून वर बघत होती. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं, मी ते पुसलं.

“मावशी,” मी म्हणालो, “तुमच्या पोराची चूक नव्हती. वहिनींचीही नव्हती. रस्ता त्यांचा होता.”

म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली, पलंगाच्या कडेला बसली आणि सिंधूच्या तोंडावर आलेले केस बोटांनी मागं सारायला लागली. सिंधूनं तिच्या पदरात तोंड घातलं. माझ्याकडं आता दोघींपैकी कोणीच पाहत नव्हतं.

मी नर्सच्या हातातून दंड सोडवून घेतला. दवाखान्याच्या फाटकापाशी पोलिसांची छोटी चौकी होती. आतला हवालदार डबा खात होता. माझं तोंड बघून तो उभा राहिला.

“कोणी मारलं रे?”

“ते राहू द्या,” मी म्हणालो. “जबाब बदलायचाय. लिहून घ्या.”